स्प्रिंग तुटली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पोलिसांना नाही, बायकोला नाही, देवळात एकटा बसलो असताना देवालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून. आपल्या माणसांसमोर खरं बोलायला छाती लागते. माझी छाती तशी रुंद आहे, पण ती नुसती दिसायला.

तुम्ही मला काय म्हणाल याची मला फिकीर नाही, हे आधीच बोलून ठेवतो. लोक काय म्हणतील, या एका काळजीत माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि जे झालं ते त्या काळजीतूनच झालं. आता ती सोडली. उशिरा सोडली — हो, उशिरा. मला माहीत आहे.

माझं नाव दत्तात्रय. गावात दत्ताभाऊ म्हणतात. आमचं गाव चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या कुंपणाला टेकून. गावाचं नाव सांगणार नाही. गावाला वाचवायचंय म्हणून नव्हे — नाव घेतलं की शेजारची गावं म्हणतील, ते तिकडं झालं, आमच्याकडं नाही. त्यांना एवढ्या स्वस्तात का सोडू?

आम्ही मूळचे कांदा पिकवणारे. मग जमीन एमआयडीसीत गेली, रस्त्याकडेला एक पट्टी उरली, तिच्यावर मी पत्र्याचे गाळे बांधले. एकात गाड्यांचे सीट कव्हर शिवणारे, एकात पॅकिंगचे खोके ठेवणारे, आणि कडेच्या गाळ्यात फक्त रविवारी येणारे — फादर आणि त्यांची माणसं. त्याच गाळ्याच्या शटरखाली फादर गेले. 'शटरची स्प्रिंग अचानक तुटली, शटर डोक्यावर पडलं.' पोलिसांत हे मी सांगितलं. पेपरात चार ओळी आल्या त्याही अशाच. गाळा माझा, शटर माझं, मग माझ्यापेक्षा चांगला साक्षीदार कोण?

थांबा. आधी माणूस सांगतो. मेल्यावर त्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, जिवंतपणी ते कोण होते ते गावानं कधी विचारलं नाही.

त्यांचं नाव फादर गीवर्गीस. आमच्या तोंडात ते बसेना म्हणून नुसतं फादर. त्यांची माणसं 'अच्चन' म्हणायची, म्हणजे बाप. ही केरळातली ख्रिस्ती मंडळी, पण आपण लांबून पाहतो त्या चर्चवाल्यांहून वेगळी आणि फार जुनी. ऑर्थोडॉक्स म्हणतात त्यांना. त्यांचे पाद्री दाढी राखतात, लग्न करतात, संसार करतात. फादरांची बायको अन्नम्माताई पिंपरीला एका दवाखान्यात नर्स होत्या. मूलबाळ नव्हतं.

पण फादर केरळी म्हणावेत तर तेही तसे धड नव्हते. वडील पिंपरीच्या कंपनीत टर्नर, त्यामुळे पोरगा चिंचवडच्या गावठाणात वाढला. मराठी शाळेत शिकला, मोरया गोसावीच्या घाटावर पोहायला शिकला. कोट्टयमला पाद्री व्हायला गेले तेव्हा तिथली पोरं यांच्या मल्याळीला हसायची, कारण मध्येच 'अरे यार' आणि 'काय राव' यायचं. हे ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. पांढरा झगा, डोक्यावर काळी टोपी, आणि खाली ती जुनी स्कूटर. झगा चाकात जाऊ नये म्हणून कमरेला खोचून यायचे. गावातली पोरं हसायची. फादर पण हसायचे, आणि 'टवाळांनो, अभ्यास करा' म्हणून पुढे जायचे.

चिंचवडला त्यांचं देऊळ होतंच. पण चाकणच्या कंपन्यांत लागलेली त्यांची पोरं शिफ्टमुळे आणि चौकातल्या ट्रॅफिकमुळे तिकडे पोचायची नाहीत. फादर म्हणाले, तुम्ही येऊ शकत नाही तर मी येतो. एवढाच हिशेब होता. त्याच्यात कुणाचा कट, कुणाचा डाव — काहीही नव्हतं. हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो. त्या वेळी सांगायला हवं होतं.

गाळा बघायला आले तेव्हा त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं. मी म्हटलं, वास्तुशास्त्र तुमच्यातही असतं का? हसले. त्यांची प्रार्थना पूर्वेकडे तोंड करूनच होते, म्हणाले. सूर्य उगवतो तिकडून त्यांचा देव परत येणार. आता झालं असं, की माझ्या गाळ्याची पूर्वेची बाजू म्हणजे रस्त्याकडची, शटरची. कुठलाही भाडेकरू सामान मागच्या भिंतीला लावतो आणि तोंड शटरकडे करून बसतो. यांनी उलटं केलं. शटर खाली ओढलं, त्याच्या आतल्या बाजूला वेदी मांडली — वेदी म्हणजे एक टेबल, त्यावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्त्या — आणि माणसं मागच्या लहान दारानं ये-जा करू लागली. म्हणजे रस्त्यावरून जाणारा आणि त्यांचा देव यांच्यामध्ये माझं एक शटर, बाकी काही नाही.

वेदीच्या अलीकडे ते एक पडदाही लावायचे. पूजा चालू असताना काही वेळा तो ओढून घेतात, आणि आत फादर एकटे, पाव मोडायला. बाहेर लोक गात राहतात. त्या वेळी आत काय चाललंय ते कुणी पाहायचं नसतं. हा पडदा ध्यानात ठेवा. मी ठेवला होता.

माझी बायको सुमन. गाळ्यांच्या मागेच आमचा गोठा, आणि रविवारी ती धारा काढून झाल्या की मागच्या दारापाशी उभी राहायची, गाणं ऐकायला. तिला एक शब्द कळत नव्हता. मी चिडवायचो, चाल तर भजनासारखी पण नाही, कशाला कान लावतेस? ती म्हणायची, बरं वाटतं. एकदा तिनं फादरांना विचारलं, तुमचा प्रसाद आम्हाला का नाही देत? मी तिथंच होतो. फादर जरा अवघडले. म्हणाले, "ताई, हा प्रसाद आमच्यातल्या दीक्षा घेतलेल्यांनाच देता येतो. तुम्हाला दिला तर तुम्हालाही फसवलं आणि देवालाही." पुढच्या रविवारी तिच्यासाठी केळ्याच्या वेफर्सची पिशवी घेऊन आले.

कळलं का? ती मागत होती आणि ते देत नव्हते. आणि त्याच माणसाला गावानं काय ठरवलं? बाटवणारा.

ते ठरवलं कसं? माझ्या तोंडानं. मला बढाई मारायची खोड आहे, लहानपणापासून. आळंदी फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेत बसलो होतो, चार जण होते, आणि मी म्हणालो, आमची मंडळी तर आता फादरची भक्तीणच झाली राव, रविवारी कान लावून उभी असते. हशा झाला. मलाही छान वाटलं. हशा तिथं राहिला आणि वाक्य गावात गेलं.

गावात पोचेपर्यंत त्याला हातपाय फुटले होते. दत्ताच्या बायकोला बाटवलं. दत्ताला पैसे मिळाले. दत्ताच्या घरात क्रूस आहे. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि मला उभं राहायचं होतं. माझा चुलतभाऊ बापू — वयानं मोठा, गावात त्याचा शब्द चालतो — एक दिवस ओसरीवर येऊन बसला. चहा नको म्हणाला. एकच विचारलं, "दत्त्या, खरं सांग. त्या फादरनं सुमनला ईचारलं का न्हाई, आमच्यात ये म्हनून?"

किती सोपा प्रश्न होता! नाही म्हणायचं. दोन अक्षरं. सुमन आत चुलीपाशी, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. आणि मी म्हणालो, विचारलं होतं, पण तिनं नकार दिला.

असं म्हटल्यानं सुमन निर्दोष, मी निर्दोष, आणि दोष उरला तो परक्याचा — काय सुंदर हिशेब जमला ना? कांद्याचा बाजार करणारी जात आमची. वजन बरोबर ज्याच्या पारड्यात टाकायचं त्याच्यात टाकलं.

त्यानंतर फादरांना निरोप गेले. आधी गोडीत, मग तसे नाही. त्यांच्या स्कूटरचं सीट कुणीतरी फाडलं. शटरवर शेण मारलं. मीच त्यांना म्हणालो, फादर, काही दिवस गाणं बंद ठेवा, मनातल्या मनात करा की. किंवा गाळाच सोडा, माझी काही हरकत नाही. त्यांनी शटर धुवायला बादली घेतली होती. हात थांबले नाहीत. म्हणाले, "दत्ताभाऊ, मी इथलाच आहे. चिंचवडात जन्मलो. माझ्या गावात मी देवाचं नाव कुजबुजत घेऊ? कुजबुजतो तो चोर." मी म्हटलं, फादर, ही माणसं ऐकायची नाहीत. ते म्हणाले, "मग मारतील. त्याला काय करणार? आमच्यात अशी पुष्कळ झालीत." आणि पुन्हा घासायला लागले. नाटक नाही, भाषण नाही. मला राग आला. खरं सांगतो, दया नाही आली — राग आला. हा माणूस घाबरत का नाही? मी त्याच्यापेक्षा उंच, माझी जमीन, माझी भावकी, आणि मी घाबरलेलो. हा कोण टिकोजीराव लागून गेला?

तेव्हाच त्यांनी मला सांगितलं होतं, की धर्मासाठी मारले गेलेल्यांची नावं त्यांच्या पूजेत वेगळी घेतात. मल्याळीत त्यांना रक्तसाक्षी म्हणतात. जे आजारानं, अपघातानं गेले त्यांच्यासाठीही प्रार्थना असते, पण ती निराळी. मी विचारलं, फरक काय पडतो, मेला तो मेला. फादर म्हणाले, मेलेल्याला नाही पडत, मागच्यांना पडतो. कशासाठी गेला हे माहीत असलं की मागचे ताठ चालतात.

मग तो रविवार.

ठरलं होतं ते इतकंच, की सकाळी पूजा चालू असताना शटर वर करायचं. बाहेर गाव उभं करायचं, आरडाओरडा करायचा, मोबाईलवर शूटिंग करायचं, म्हणजे घाबरून जातील आणि पुन्हा येणार नाहीत. बाहेरच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे. कधी उघडायचं हे कुणी ठरवलं? मी. मला पडदा माहीत होता ना. पडदा ओढला की लोक मागे, फादर पुढे एकटे, आणि त्यांच्या मदतीला उभा राहणारा माणूस त्या दिवशी पहिल्या शिफ्टला गेलेला — हेही मला माहीत होतं. पडदा ओढला की गाणंही बदलायचं. मी बापूला म्हणालो, आतलं गाणं बदललं की उघडू. म्हणजे आतल्यांना दिसणार नाही कोण कोण आहे ते.

गाणं बदललं. मी कुलूप काढलं आणि आकड्यानं शटर वर ढकललं. त्याला मी आदल्याच आठवड्यात तेल दिलं होतं, फादरांनी शिडी धरली होती. लोण्यासारखं वर गेलं.

आत मेणबत्त्या, धुपाचा वास, आणि टेबलामागे फादर, समोर आमच्याकडे तोंड करून. पूर्वेकडे बघत होते ना ते. शटर वर झालं आणि त्यांना उगवता सूर्य दिसायच्या जागी आम्ही दिसलो. गर्दीनं घोषणा दिल्या. मागे पडद्याआड गाणं चालूच राहिलं, जरा डळमळलं, मग आणखी मोठ्यानं. फादरांनी हातातला पाव ताटलीत ठेवला, वर कापड झाकलं. मग टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि उंबऱ्यावर उभे राहिले, शटरच्या बरोबर खाली. त्यांना मागे पळता आलं असतं. पडदा दोन हातांवर होता, त्याच्या मागे त्यांची माणसं, त्याच्या मागे दार. ते पुढे आले.

गर्दीकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "दत्ताभाऊ, एवढं पुरं होऊ द्या. मग मी तुमच्याबरोबर येतो, कुठं म्हणाल तिथं." आणि दोन्ही तळवे जोडून माझ्यापुढे केले.

तो नमस्कार नव्हता. त्यांच्यात एक रीत आहे. पूजेच्या मध्ये वेदीवरची शांती एकजण दुसऱ्याला देतो — जोडलेले हात दुसऱ्याच्या जोडलेल्या हातांत घालायचे, मग त्यानं पुढच्याला, अशी ती शेवटच्या माणसापर्यंत जाते. एकदा मी मागच्या दारात भाड्याचं बोलायला उभा होतो, तेव्हा शेवटच्या माणसानं ती मला दिली होती. मी बावचळलो. नंतर फादर म्हणाले, दत्ताभाऊ, आता ती तुमच्यापाशी आहे, पुढे द्यायचं तुम्ही बघा. त्यांना ते आठवत होतं. मलाही आठवलं. नाही आठवलं असं म्हणून सुटायची सोय मला नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घोषणा थांबल्या. आणि बापू मागून म्हणाला, "दत्त्या, गाळा तुझा, शटर तुझं. पाड खाली."

मी ओढलं.

आकडा माझ्या हातात होता, तो वरच्या कडीत अडकवलेला होता, आणि मी अंगातला सगळा जोर लावून ओढलं. ते हात माझ्यापुढे तसेच होते. डोकं जरा वाकलेलं होतं, शांती देताना वाकवतात तसं. खालची लोखंडी पट्टी मानेवर बसली आणि ते उंबऱ्याच्या कडेवर कपाळ आपटून पडले. आवाज फार मोठा नव्हता. आत गाणं चालूच होतं.

मला सांगता येईल, की भांडण वाढू नये म्हणून मध्ये शटर घ्यावं असं वाटलं. सांगता येईल, की ते मागे सरतील असं वाटलं. वकील हेच सांगेल, आणि चांगलं सांगेल. पण मी तिथं होतो. मला एवढंच हवं होतं, की ते हात माझ्यासमोरून जावेत. एवढ्या लोकांत या माणसानं मला निवडलं, मला भला माणूस समजून हाक मारली — आणि मी तो नव्हतो, हे सगळ्यांना दिसत होतं. त्याचा मला राग आला. त्या रागानं मी ओढलं.

गर्दी क्षणात विरली. शूटिंग करणाऱ्यांनी शूटिंग पुसलं. मी आणि पूजेला आलेली दोन पोरं, आम्ही फादरांना माझ्या पिकअपमध्ये घातलं आणि पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. हो, मीच गाडी चालवली. हॉर्नवर हात ठेवून चाकणचा चौक पार केला. मागे अन्नम्माताई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती म्हणून पूजेला आल्या होत्या. पडद्याच्या मागे होत्या, त्यांना काही दिसलं नव्हतं. त्या मला म्हणत होत्या, भाऊ, हळू चालवा, तुम्हालाही काही होईल.

फादर पुन्हा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले.

पण मी त्या दिवशीच, त्यांना दवाखान्यात सोडून, आधी गावी परत आलो. पोलीस यायचे होते. गाळ्याला आतून कडी घातली, शिडी लावली आणि ग्राइंडरनं शटरची स्प्रिंग कापली. मग मोडल्यासारखी दिसावी म्हणून टोक हातोडीनं ठेचलं. ठिणग्या वेदीच्या पांढऱ्या कापडावर पडत होत्या. झाकलेला पाव तसाच होता. पोलीस आले तेव्हा मी शिडीपाशीच उभा होतो. त्यांना वर नेऊन दाखवलं — बघा साहेब, इथं तुटली. हवा यावी म्हणून मी शटर वर केलं, आणि तुटली. माझ्या निष्काळजीपणामुळं झालं. असं म्हणताना मी रडलोसुद्धा. ते रडणं खोटं नव्हतं, ही त्यातली सगळ्यात हलकट गोष्ट.

निष्काळजीपणाची केस झाली, निभावली. गाव म्हणालं, दत्तानं आपल्या अंगावर घेतलं, गावाला आच लागू दिली नाही. दत्ता सरपंच झाला. ज्या हातानं आकडा ओढला त्याच हाताला गुलाल लागला. पाच वर्षं मी झेंडावंदन केलं, शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं.

आणि ती केरळी मंडळी? ती माझे आभार मानतात! घोषणा त्यांनीही ऐकल्या होत्या, पण पोरं ओरडून निघून गेली आणि शटर मग पडलं, असं मी सांगितलं, आणि दवाखान्यात मीच नेलं होतं म्हणून त्यांनी ते मानलं. दर वर्षी फादर गेले त्या दिवशी चिंचवडहून येतात, बंद शटरपुढे मेणबत्ती लावतात. आता तिथं कुरियरवाल्याचं गोदाम आहे. मी खुर्च्या देतो, सुमन चहा करते. सुमनला काय माहीत आहे? गावाला जे माहीत आहे ते. तिनं मला कधी विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून ती मागच्या दारात कधी उभी राहिली नाही. निघताना अन्नम्माताई दर वर्षी शटरच्या पट्टीला हात लावतात आणि मला विचारतात, "दत्ताभाऊ, स्प्रिंग बदलली ना? दुसऱ्या कुणावर पडायला नको." मी म्हणतो, बदलली ताई. त्यात खोटं एवढंसंही नाही.

आता ते चिंचवडच्या देवळात फादरांच्या नावाचा दगड बसवणार आहेत. अन्नम्माताईंचा फोन आला होता. या रविवारी कार्यक्रम आहे, शेवटी तुम्ही जवळ होता, तुम्ही दोन शब्द बोला, म्हणाल्या. दगडावर काय लिहिणार, मी विचारलं. नाव, जन्म, आणि 'अपघाती निधन', म्हणाल्या. त्यांचा आवाज साधा होता. दुसरं काय लिहिणार? मीच तर सांगितलं होतं.

तेव्हा कळलं मी काय केलंय ते. जीव घेतला तो एका झटक्यात. पण तो माणूस कशासाठी उभा राहिला, हे मी रोज थोडं थोडं चोरत आलोय, इतकी वर्षं. त्यांच्या माणसांनी मान ताठ करून चालावं म्हणून ते उंबऱ्यावर आले, आणि मी त्यांना स्प्रिंगचा बळी करून ठेवलं. त्यांच्या देवळात त्यांचं नाव चुकीच्या प्रार्थनेत घेतलं जातं. माझ्यामुळे.

बापूला वास लागलाय. परवा आला होता, म्हातारा झालाय, काठी घेऊन. "दत्त्या, झालं गेलं गंगंला मिळालं. कशापायी उकरतो? तू एकटा न्हाई जायचा, समद्या गावाला घिऊन जाशील." मी म्हटलं, चल की मग, गाडीत जागा हाय. बापूनं काठी आपटली. वाळीत टाकू म्हणाला. टाका. माझ्या पोराच्या लग्नाला कुणी येणार नाही म्हणाला. नका येऊ. घर पेटवू म्हणाला नाही, पण म्हणाला असता तरी मी हेच बोललो असतो. ज्या गावाच्या भीतीनं मी एक माणूस मारला, त्या गावापाशी आता मला भिववायला काही उरलेलं नाही. खिसा रिकामा झालाय तुमचा, बापू.

याला हिंमत म्हणू नका. हिंमत त्या दिवशी एकाच माणसात होती आणि तो शटरखाली उभा होता. मी फक्त उशिरा निघालोय. पोलिसांकडे सोमवारी जाईन, आधी चिंचवडला.

काल गाळ्यावर जाऊन आलो. कुरियरवाल्याचा माणूस शटर ओढत होता. नवी स्प्रिंग चांगली आहे, एका हातानं खाली येतं. जुनीही तशीच होती.

रविवारी अन्नम्माताई सवयीनं विचारतील. नाही विचारलं तरी मी बोलणार आहे, सगळ्यांसमोर, तो दगड बसायच्या आधी. ताई, स्प्रिंग तुटली नव्हती. ती मी नंतर कापली. ते उंबऱ्यावर उभे होते, हात माझ्यापुढे करून, आणि मी त्यांच्याकडे बघत शटर ओढलं.